‘लेडी अँड द ट्रॅम्प’मधली कृष्णवर्णीय डार्लिंग कोणाला खटकली का?

पिंपळपान
डिस्नेच्या १९५५च्या कार्टूनपटावरून २०१९मध्ये खरी कुत्री घेऊन नवा सिनेमा आला, तो आता पाहिला. कुत्री झकास आहेत. पण गोष्टीची नायिका असलेल्या लेडी या कुत्रीचा मालक जिम डिअर गोरा आणि त्याची बायको डार्लिंग (किअर्सी क्लेमन्स) कृष्णवर्णीय. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, चित्रीकरण जॉर्जियातल्या सव्हानात, वातावरणही अमेरिकी दक्षिणेचं. त्या जॉर्जियात तेव्हा असं लग्न कायद्यानेच होऊ शकत नव्हतं! बंदी उठली ती थेट १९६७ साली, लव्हिंग खटल्यातल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. इथे मात्र शेजारपाजारचं कोणी भुवईही उंचावत नाही. नटीबद्दल तक्रार नाही, काम गोड केलंय. पण माणसाचा रंग घ्यायचा आणि त्या रंगापायी सोसलेलं वगळायचं, याला प्रतिनिधित्व म्हणायचं का?

उचापती
कुत्री गप्पा मारतात ते चालतं, मेणबत्तीच्या उजेडात स्पॅगेटी खातात तेही चालतं. गाडी अडते ती डार्लिंगपाशी. मजाय.

पिंपळपान
हे उत्तर येणार याची खात्रीच होती. बोलणारी कुत्री सगळ्यांना माहीत असलेली थाप आहे, तिने कोणी फसत नाही. ‘तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने राहत होते’ यावर मात्र पोरं विश्वास ठेवतात.

निळाई
पिंपळपान, कायद्याचा मुद्दा बिनतोड, पण सिनेमा चुकीचा निवडलात. ही गोष्ट कुत्रीच्या नजरेतून चालते. जुन्या चित्रपटात तर माणसांचे चेहरेही क्वचितच दिसतात, बहुतेक वेळा पाय आणि परकराच्या झालरी. लेडीला मालकांची खरी नावंही ठाऊक नाहीत, ते एकमेकांना लाडाने जी हाक मारतात तेच तिला नाव वाटतं. तिला कुठलं आलंय विवाहबंदीचं कलम?
आणि दुसरं. जुन्या काळच्या गोष्टीत कृष्णवर्णीय बाई आली की ती मोलकरीण तरी असते नाहीतर सोसणारी तरी. इथे ती घरची मालकीण आहे, नाताळात टोपीच्या खोक्यातून तिला पिल्लू भेट मिळतं, पुढे बाळ होतं, झालं. एखाद्या लहान मुलीला आपल्यासारखी दिसणारी बाई एवढं करताना दिसली तर तिने त्यासाठी आधी रडून घ्यायलाच हवं का?

जुनाट
तुम्ही दोघं माणसांत अडकलात, खरा बदल मांजरांत झालाय. १९५५मध्ये दोन सयामी मांजरी होत्या, तिरके डोळे, मोडकंतोडकं इंग्रजी. आवाज आशियाई कलाकाराचा? छे, पेगी ली या गोऱ्या गायिकेचा. कोंडवाड्यातला चिहुआहुआ जातीचा कुत्रा पेद्रोही मेक्सिकन हेल काढून बोलायचा. नव्यात सयामी गाणं गेलं आणि मांजरी डेव्हन रेक्स जातीच्या झाल्या. हे मला पटलं. लहानपणी आम्ही त्या गाण्यावर खिदळायचो, पण कोणाला हसतोय हे कळण्याचं वय नव्हतं.

उचापती
मानहानी टळली, पण सयामी बिचाऱ्यांची नोकरी गेली की हो.

पिंपळपान
निळाई, मुलांना भेदभाव पेलवत नाही असं कुठाय? सगळी गोष्टच पट्ट्यावर उभी आहे. गळ्यात पट्टा आणि परवाना असेल तो घरचा, नसेल त्याला पकडून कोंडवाड्यात. हे शेंबड्या पोराला कळतं. मग माणसांतलं का कळू नये? त्याच सुमाराला जॅक जॉन्सन मुष्टियुद्धात जगज्जेता होता, तरी गोऱ्या प्रेयसीला राज्याबाहेर नेलं या आरोपावरून १९१३मध्ये त्याला दोषी ठरवलं. ‘जग असं होतं’ एवढं सुचवणारा एखादा क्षण पुरे होता.

निळाई
पट्ट्यातून सांगितलंय की! तेच पुन्हा माणसांच्या तोंडून वदवलं की धडा होतो.

उचापती
प्रतिनिधित्व हवं तर ट्रॅम्पचं, त्या भटक्या कुत्र्याचं घ्या. ते काम करणारा माँटी खरोखरच बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. अस्सल अनुभव!

पिंपळपान
विनोद बाजूला ठेवा. त्या मांजरींची मालकीण आंट साराही कृष्णवर्णीय आहे. ती घर सांभाळायला येते, लेडीला मुसकं बांधायला निघते, आणि या लग्नाबद्दल अवाक्षर नाही. एक वाक्य तिच्या तोंडी घालता आलं असतं.

निळाई
मग ते वाक्य तुम्हीच लिहून दाखवा. पोरांना कळलं पाहिजे, आंट सारा आणखी खाष्ट वाटता कामा नये, आणि पुढच्याच मिनिटाला मांजरींचा धुडगूस सुरू व्हायचाय. मला तर जमत नाहीये.