मूर्ती चोरीला गेल्यावर जबाबदार कोण? जुने गोवे आणि दिवेआगरच्या निमित्ताने

(ही पाच जणांची चर्चा आहे. प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

जांभाचिरा

२०१२ च्या जानेवारीत जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात रात्री चोर शिरले. पहारेकऱ्याचा खून झाला आणि वस्तू गेल्या. दोनच महिन्यांनी, २४ मार्चला, दिवेआगरच्या सुवर्णगणेशावर दरोडा पडला आणि तिथे दोन पहारेकरी मारले गेले. एक सांता मोनिकाच्या जुन्या मठातलं, चर्चशी जोडलेलं संग्रहालय. दुसरं गावचं देऊळ, जिथला गणेशाचा सोन्याचा मुखवटा १९९७ साली वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सापडला होता. जीव दोन्हीकडे सर्वांत कमी पगाराच्या माणसाचा गेला.

अशा प्रत्येक घटनेनंतर पहारेकऱ्यांची संख्या वाढवली जाते, पण ताब्याची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवलं जात नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा. शंभर वर्षांपेक्षा जुनी धार्मिक कलावस्तू ज्या संस्थेकडे आहे तिने एक ताबेदार, म्हणजे वस्तू सांभाळण्याची जबाबदारी असलेला माणूस, नावानिशी नेमावा. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष मोजणी व्हावी आणि मोजणाऱ्यांत एक माणूस संस्थेबाहेरचा असावा. चोरी झाली आणि मोजणीचा कागद किंवा फोटो नसेल, तर विश्वस्तांवर व्यक्तिशः दंड बसावा. एवढंही झेपत नसेल त्यांनी मूळ मूर्ती संग्रहालयात द्यावी आणि पूजेला प्रतिकृती ठेवावी.

देवराई

मोजणी मान्य, बाकी दोन्ही मुद्दे अमान्य.

प्रतिष्ठापना झालेली मूर्ती आणि तिची प्रतिकृती यांत गावाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. आपल्या कायद्यातही देव ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे. ती 'वस्तू' म्हणून हलवायची तर कोणाच्या संमतीने? आणि संग्रहालय सुरक्षित असतं हे गृहीत धरून तुम्ही निघालात, पण तुमचं पहिलं उदाहरण संग्रहालयाचंच आहे. हैदराबादच्या निजाम संग्रहालयात २०१८ साली चोर वरच्या झरोक्यातून दोर सोडून उतरले आणि सोन्याचा डबा घेऊन गेले.

दंडाबद्दल तर माझा ठाम विरोध आहे. गावातले विश्वस्त बिनपगारी असतात. चोरी कळवली की आपल्याच खिशाला चाट बसणार असेल, तर पहिले दोन दिवस 'कुठे ठेवली गेली असेल, बघू' यात जातील. चोराला तेवढा वेळ पुरतो.

शिवाय कायदा आधी सरकारने स्वतःला लावावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात खासगी माणसाला आणि देवस्थानाला मूर्तीची नोंदणी सक्तीची आहे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यातल्या संग्रहालयांना मात्र कलम १८ ने त्यातून सूट आहे.

कडीकोयंडा

दोघंही जबाबदारीवर बोलताय, पण आधी सुरक्षा चालते कशी ते बघू. सगळं गणित तीन वेळांचं आहे: चोर लक्षात यायला किती वेळ, वस्तू हातात पडायला त्याला किती वेळ, आणि मदत पोचायला किती वेळ. मदत पोचायला वीस मिनिटं लागत असतील, तर सूचना मिळाल्यापासून वस्तू हाती लागेपर्यंत वीस मिनिटांहून जास्त अडथळे हवेत. बहुतेक ठिकाणी सूचना मिळते ती चोर गाभाऱ्यात किंवा दालनात शिरल्यावर, म्हणजे अडथळे ओलांडून झाल्यावर. मग तिचा उपयोग फक्त पंचनाम्याला.

म्हणून संवेदक (सेन्सर) बाहेर आणि अडथळे आत, हा क्रम. दारांच्या चौकटीला दार उघडताच सूचना देणारा चुंबकी संपर्क, खिडक्यांच्या गजांना कंपन ओळखणारा संवेदक. झरोके आणि कौलं विसरायची नाहीत. जांभ्याची भिंत दोन हात जाड असते, पण तिच्यावरचं छप्पर चार कौलं सरकवली की उघडतं. बाजारातल्या साध्या कुलपाची कडी मोठ्या कातरीने काही सेकंदांत तुटते. कडी झाकलेली राहील असं कुलूप घ्या. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही भारी असो, उपयोग नाही.

काचेबद्दल एक गैरसमज आहे. 'टफन' काच मजबूत म्हणून बसवतात, पण टोकदार हत्याराचा एक घाव नीट बसला की ती अख्खी भुगा होऊन खाली येते. प्रदर्शनाच्या पेटीला लॅमिनेटेड काच हवी: दोन काचा आणि मध्ये १.५२ मिलिमीटरचा पडदा. ती तडकते पण जागेवर राहते. युरोपीय मानकात पी-६-बी वर्गाची काच कुऱ्हाडीचे ३० ते ५० घाव सोसते, पी-८-बी ७० च्या वर. आणि काच भारी घेऊन पेटीची चौकट प्लायवूडची ठेवली तर चोर काचेला हातही लावत नाही, चौकटच उचकटतो.

आता पहारेकरी. तो रात्री एकटा, दाराशी, चाव्या कमरेला, अशी व्यवस्था म्हणजे चोराला सांगणं की कुलूप तोडू नकोस, माणूस गाठ. दालनाच्या आणि पेट्यांच्या चाव्या पहारेकऱ्याकडे असताच कामा नयेत, आणि तसं दारावर लिहिलेलं असावं. त्याची खोली आतून बंद होणारी, बाहेरच्या दिव्यांचं बटण आत, धोक्याचं बटण हाताशी. दर तासाला त्याने ठरलेल्या ठिकाणी कळवायचं आणि कळवलं नाही तर दहा मिनिटांत कोणीतरी फोन करायचा. दोघं असतील तर एकत्र बसायचं नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानावरचं प्रशिक्षण सांगितलं आहे. संस्थेने करार करताना त्याचं प्रमाणपत्र मागावं.

नोंदवही

कडीकोयंड्यांच्या क्रमाआधी एक प्रश्न ठेवते: चोर कशासाठी येणार आहे? सोन्यासाठी आला तर वस्तूचं आयुष्य तासांत मोजायचं. दिवेआगरचा मुखवटा वितळवला गेला. पोलिसांना सोनं मिळालं, मुखवटा नाही. कलेच्या बाजारासाठी आला तर मूर्ती महिनोन्‌महिने, कधी दशकं अखंड राहते. समर्थ रामदासांच्या जन्मगावच्या, जांब समर्थच्या, राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये गेल्या आणि ऑक्टोबरअखेर पोलिसांच्या हाती लागल्या. सोन्याचं संरक्षण कुलपाने होतं. ब्राँझ, हस्तिदंत, लाकूड यांचं कुलपाइतकंच कागदाने होतं.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा नटराज २००६ च्या सुमारास देवळातून गेला. चोरी उघडकीस आली २००८ मध्ये, मूर्ती सुरक्षित जागी हलवायला अधिकारी आले तेव्हा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या कलाविक्रेत्याकडून विकत घेतला. तो २०१४ साली परत आला, कारण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या छायाचित्र संग्रहात त्याचा जुना फोटो होता. तमिळनाडूतल्याच अनंतमंगलमच्या राम, लक्ष्मण, सीता यांच्या मूर्ती १९७८ साली चोरीला गेल्या आणि २०२० साली लंडनहून परत मिळाल्या, त्याही १९५८ च्या फोटोंवरून. देवळाच्या स्वतःच्या दप्तरात हे फोटो असायला हवे होते.

नोंद कशी करायची? 'ऑब्जेक्ट आयडी' हा आंतरराष्ट्रीय नमुना १९९७ पासून आहे, पण साधी वहीही चालते. उंची-रुंदी-खोली मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. फोटो समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि पीठाच्या तळाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वस्त्रं, हार, शेंदूर यांशिवायचा निदान एक संच. भक्तांना फोटो हवा असतो सजलेल्या देवाचा, आणि न्यायालयात तो निरुपयोगी ठरतो. सर्वांत महत्त्वाचे फोटो दोषांचे: तुटलेलं बोट, प्रभावळीचं डाख, ओतकामातलं छिद्र. गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींवरच्या भेगा तर अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन मूर्तींच्या कधी जुळत नाहीत.

आणि जांभाचिरा, महाराष्ट्रात हे नव्याने सांगायचीही गरज नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६-ब प्रमाणे दागिने, सोनं-चांदी, भांडी यांची वर्णन, वजन आणि अंदाजे किंमत लिहिलेली नोंदवही विश्वस्तांना ठेवावीच लागते. 'देवाची मूर्ती, पितळी, १ नग' एवढ्या नोंदीने त्या कलमाचं समाधान होत नाही.

जांभाचिरा

नोंदवहीताई, तुमचं नटराजाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दोन वर्षं मूर्ती गायब आणि कोणाला पत्ता नाही, कारण मोजणं हे कोणा एकाचं काम नव्हतं.

देवराई, तुमचा आक्षेप अर्धा स्वीकारतो. दंड चोरीबद्दल नको. मोजणी न केल्याबद्दल हवा, आणि तो चोरी होण्याआधी, दरवर्षी. मग चोरी लपवण्यात कोणाचा फायदा राहत नाही. सरकारी संग्रहालयांची सूट काढावी हेही पूर्ण मान्य. पण बिनपगारी आहेत म्हणून विश्वस्त मोकळे, हे पटत नाही. कोणी जबरदस्तीने विश्वस्त होत नाही.

माजघर

पूजेला प्रतिकृती आणि मूळ मूर्ती कुलपात, हा उपाय सुचवणाऱ्यांनी समुद्रकाठची हवा लक्षात घ्यावी. जुन्या ब्राँझमध्ये अनेकदा क्लोराइड असतं. ओलसर, बंद लोखंडी कपाटात ठेवलं की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि ती धातू आतून खाते. बँकेच्या लॉकरमध्ये चार पावसाळे गेले की चोरांनी केलं नसतं ते नुकसान दिसेल. ठेवायचीच तर सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, ओल शोषणारं सिलिका जेल महिन्याला तपासून आणि दर तीन महिन्यांनी मूर्ती बाहेर काढून पाहणी. हे खर्चाचं काम नाही, नेमाचं आहे. लाकडी मूर्तींना उलट इतकी कोरडी हवा चालत नाही, त्या तडकतात. एकाच कपाटात दोन्ही ठेवू नयेत.

विम्याचंही बघा. नेहमीच्या घरफोडी विम्यात कुलूप, दार फोडल्याची खूण लागते. चावी वापरून चोरी झाली तर दावा अडतो. दुर्मीळ कलावस्तू त्यात आपोआप येत नाहीत, किंमत मान्य करून स्वतंत्र लिहून घ्याव्या लागतात. इथेही फोटो नसेल तर किंमत ठरत नाही.

देवराई

मोजणी चुकली तर दंड, यावर मी येऊ शकतो. एक अट: मोजणीचा बाहेरचा माणूस तहसीलचा नको, त्याला वर्षभर सवड मिळणार नाही. शेजारच्या देवस्थानाचा विश्वस्त चालेल. आपण त्यांची मोजू, ते आपली मोजतील. गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे देवस्थानं महाजनांच्या, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांच्या, १९३३ च्या नियमाखाली, मामलेदाराच्या देखरेखीत आहेत आणि चर्चची मालमत्ता चर्चच्याच फाब्रिकांकडे, म्हणजे मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळांकडे. महाराष्ट्राचं कलम तिथे लावता येणार नाही.

मूर्ती हलवण्याला विरोध कायम आहे.

कडीकोयंडा

खर्चावरून अडायला नको म्हणून क्रम सांगतो. आधी फोटो, वजन, वही. याला वजनकाटा आणि मोबाइल पुरतो. मग चाव्या: दोन कुलपं, दोन माणसं, वहीत सही. मग कोयंडे आणि छप्पर. मग दुहेरी सिमकार्डचं धोक्याच्या सूचनेचं यंत्र. वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी हवी, आणि फोन पाच जणांना जावा, ज्यांतले तीन गावातच झोपत असतील. कॅमेरे सर्वांत शेवटी. चेहरा ओळखायला दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साडेसात मीटर रुंदीपर्यंतच तेवढं देतो, म्हणजे एका कॅमेऱ्यात अख्खा सभामंडप बसवला की माणसं दिसतील, ओळखू येणार नाहीत. एक कॅमेरा फक्त दारावर, चेहऱ्याच्या उंचीला. रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच खोलीत ठेवला तर चोर तोही उचलतो. आणि चोरी उशिरा कळली तर डिस्कवरचं चित्रण तोवर पुसलेलं असतं. त्यासाठी वर्षातून दोन मोजण्या कमी पडतात. डिस्कवर चित्रण तीस दिवस टिकत असेल तर मोजणी पंचवीस दिवसांच्या आत हवी.