मदत हवी आहे: परसातल्या स्विमिंग पूलला सोलर की हीट पंप?

परभणीत घराच्या मागं छोटा पूल बांधायचं चाललंय, २० बाय १० फूट, खोली ४ फूट, म्हणजे पाणी साधारण साडेबावीस हजार लिटर. आईला गुडघ्यांसाठी पाण्यातले व्यायाम करायचेत त्यामुळं थंडीतबी पाणी ३० अंशाच्या आसपास पाहिजे, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो. उन्हाळ्यात काही प्रश्न नाही.

हिशोब करून बघितला, एवढं पाणी १ अंशानं तापवायला २६ युनिट उष्णता लागते, म्हणून साधा इलेक्ट्रिक हीटर बाद, बिलच परवडणार नाही. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळं तेच काम चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या विजेत करतो पण हवा गार पडली की त्याचा जोर कमी होतो. सोलरवाले गच्चीवर पूलच्या क्षेत्रफळाएवढे काळे पॅनल (विजेचे नाही, नळ्यांतून पूलचं पाणी फिरवून उन्हानं तापवणारे) टाका म्हणायलेत, गच्ची मोकळी हाय, सावली नाही. कव्हर घेणारच, सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनानं जाते आणि पाणीबी वाचतं, मराठवाड्यात ते आधी बघावं लागतं.

अडचण म्हणजे पाणी बोअरचं, लई जड. वीज सिंगल फेज. काळ्या मातीचं इंजिनिअर बघायलेत, ते सोडा.

आपल्या भागात कुणी सोलरवर पूल चालवत असाल तर सांगा, रात्री कव्हर टाकून जानेवारीत सकाळी पाणी किती अंश राहतं, आणि क्षारानं पॅनलच्या नळ्या बुजतात का, का सरळ हीट पंपच घ्यावा?