‘दप्तरी दाखल’ म्हणजे अर्ज आत गेला की संपला?

बाळीवेसकर
चुलत्यांनी वस्तीतल्या पाइपलाइनच्या कामाची एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, माहिती अधिकारात मागितली. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, सगळं रीतसर. उत्तर आलं, ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ काका खूश! दाखल झाला म्हणजे आता नंबर लागणार, असं धरून वाट बघत बसले. परवा ओळखीचे वकील म्हणाले, अहो, अर्ज बंद केलाय तुमचा, अपिलाचे तीस दिवसही उलटले. हा अर्थ खरंच रूढ आहे का? आणि उशिरा अपील करताना ‘शब्दाचा अर्थ वेगळा समजलो’ हे कारण चालतं का?

निवृत्त कारकून
रूढ आहे. टिपणीवर ‘दप्तरी दाखल करावे’ असा शेरा पडला की कागद फायलीत, फाइल बस्त्यात, बस्ता रेकॉर्ड रूमला. पुढं कारवाई नाही. ‘नस्तीबद्ध’ही तेच, नस्ती म्हणजे फाइल. फसवायचा हेतू नसतो हो. आतल्या माणसाला कळणारा शब्द आहे.

शेंगाचटणी
मग आतला शब्द बाहेरच्या माणसाला पाठवता कशाला, मालक? माहिती नाकारायची तर कलम 7(8) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, तिन्ही लिहून द्यावं लागतं. ‘दप्तरी दाखल’ या दोन शब्दांत यातलं काय आलं?

शब्दवेडा
‘दाखल’ मूळ अरबी, अर्थ आत शिरलेला. गुन्हा दाखल, दावा दाखल, पेशंट दाखल, सगळीकडं सुरुवातच. दप्तरातही कागद आत शिरतो, फक्त बाहेर येत नाही! ‘दाखला’ त्याच घरातला, आणि शाळा सोडताना हातात पडतो तोही दाखलाच. ‘दफ्तर’ तर ग्रीक ‘डिफ्थेरा’पासून, म्हणजे कातडं. कातड्यावर लिहायचे ना. आपण त्याचं ‘दप्तर’ करून पोरांच्या पाठीवर दिलं.

मराठीच
एवढी परकी उसनवारी कशाला? ‘नस्ती’ आहे, ‘अभिलेख’ आहे. माझ्या मते नस्ती हे ‘न्यस्त’वरून आलंय, न्यस्त म्हणजे ठेवलेलं.

शेंगाचटणी
आमच्याकडं ‘नसती’ म्हणजे नसलेली. काही हापिसांत फाइल सापडत नाही तेव्हा तुमचा शब्द चपखल बसतो बघा.

निवृत्त कारकून
चेष्टा करा, पण अभिलेखांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ड’ वर्षभरात रद्दी. सगळंच गहाळ होत नाही, काही नियमानं जातं. ‘सापडत नाही’ आणि ‘नष्ट केले’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसऱ्या उत्तराला नष्ट केलेल्या कागदांची यादी दाखवावी लागते.

पाच्छापेठ
उसनवारीचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या घरी तेलुगू. तेलुगूत हा कायदा ‘समाचार हक्कु’. शेजारी इंडीकडचे, त्यांच्या कन्नडात ‘माहिती हक्कु’. दोघांनी ‘हक्क’ ठेवला. मराठीत मात्र ‘अधिकार’. हिंदीत ‘सूचना का अधिकार’, ते वाचून आमची आजी म्हणाली, सूचना करायचा अधिकार होय, मी रोज करते.

मराठीच
‘अधिकार’च योग्य. 2002 चा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, त्याचंही नाव ‘माहितीचा अधिकार’च. केंद्राचा 2005 ला आला.

शब्दवेडा
योग्य कसा? अधिकार अधिकाऱ्याकडं असतो, हक्क माणसाचा असतो. अर्ज घेणारा ‘जन माहिती अधिकारी’, अपील ऐकणारा ‘प्रथम अपिलीय अधिकारी’, आणि अर्जदाराजवळ नुसता ‘अधिकार’. भाऊबंदकीत ‘माझा हक्काचा वाटा’ म्हणतात, ‘अधिकाराचा वाटा’ कुणी म्हटलेला ऐकलाय?

मराठीच
मतदानाचा अधिकार म्हणत नाही का?

शब्दवेडा
मतदानाचा हक्क! ‘हक्क बजावला’ हेच छापून येतं.

निवृत्त कारकून
दोन्ही छापून येतं. आम्ही तर बोलताना ‘आरटीआय टाकला’ म्हणायचो. ‘टाकला’वर कुणाचं काही म्हणणं?

बाळीवेसकर
अहो, काकांच्या अपिलाचं काय?

शेंगाचटणी
कलम 19(1) बघा. वेळेत अपील न करण्याला पुरेसं कारण होतं, अशी अपिलीय अधिकाऱ्याची खात्री पटली तर तीस दिवसांनंतरही अपील घेता येतं. आलेल्या पत्राची झेरॉक्स जोडा, त्यावर मुदत आणि अपिलीय अधिकारी लिहिलेला नाही हे ठळक मांडा, आणि आपल्याकडं प्रथम अपिलाला वीस रुपयांचं तिकीट लागतं, तेवढं विसरू नका. शब्दार्थाचं कारण एकटं किती टिकेल, साशंक आहे. शिवाय सोमवारी तीन ते पाच त्याच कार्यालयात जाऊन फाइल बघायला मागा. 2018 च्या शासन निर्णयात जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि पालिकांना ती वेळ दिलेली आहे.

मराठीच
‘बघायला मागा’ नाही, ‘अवलोकनार्थ’.

पाच्छापेठ
खिडकीवर ‘अवलोकनार्थ’ म्हटलं तर तो कारकून दुसऱ्या मजल्यावर पाठवतो. ‘रेकॉर्ड दाखवा’ म्हटलं की उठतो.

निवृत्त कारकून
आमच्या वेळी ‘रुमाल सोडा’ म्हणायचे. जुनी कागदपत्रं कापडात बांधलेली असत, त्या गाठोड्याला रुमाल. पुण्यातलं पेशवे दप्तर अजूनही रुमालांतच मोजतात.

शब्दवेडा
‘रुमाल’ फारसी! ‘रू’ म्हणजे तोंड, ‘माल’ म्हणजे पुसणं...

मराठीच
‘बासन’ म्हणा की मग.

शेंगाचटणी
बासनात गुंडाळायला?