नववीचं गणित घरी: पुस्तक कोणतं आणि ‘क्रिएटिव्ह’ म्हणजे काय?

प्रेषक: मंजिरी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून मुलीचं होमस्कूलिंग सुरू करतोय. वय १३, आठवी संपली. शाळेत अल्जेब्रा १ (बीजगणिताचा पहिला कोर्स) अर्धवट झालं आहे. बाकी विषयांचं जमलं, गणिताचं पुस्तक मात्र ठरत नाहीये. सॅक्सन आणि आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग ही पुस्तकं आणि खान अकॅडमी ही वेबसाइट, अशी तीन नावं जो तो सांगतो. तिला चित्रं, कोडी, थोडं कोडिंग आवडतं. वर्कशीट दिसली की तोंड वाकडं. त्यामुळे काहीतरी क्रिएटिव्ह हवं आहे. आम्ही दोघंही नोकरीवाले, रोज दीड तासाच्या वर तिच्याजवळ बसणं होणार नाही. कॉलेजच्या वेळी अडायला नको, एवढं बघायचं आहे. कोणी सांगेल का?

मंजिरी

प्रेषक: नितीन (प्लेन्सबरो)

मंजिरी,

पुस्तकाचं नंतर बघू. ‘अर्धवट झालं’ म्हणजे नेमकं काय राहिलं ते आधी कागदावर येऊ दे. शाळेच्या ग्रेडवरून ते कळत नाही. बी प्लसवाल्यांचेही अपूर्णांक कच्चे निघतात. कॅल्क्युलेटर काढून घे, अर्धा तास दे आणि ही सहा गणितं पायऱ्यांसकट सोडवायला सांग:

१) ३/४ − ५/६
२) −३² किती? आणि (−३)² किती?
३) ०.३ ÷ ०.०६
४) २(क्ष − ३) − (क्ष − ५) = ७
५) १०० डॉलरची वस्तू १५ टक्क्यांनी उतरली, मग त्या किमतीवर १५ टक्क्यांनी चढली. आता किती?
६) ४ माणसं एक काम ६ दिवसांत करतात. ३ माणसांना किती दिवस लागतील?

उत्तरं: −१/१२, −९ आणि ९, ५, ८, ९७.७५, ८.

नुसतं बरोबर की चूक एवढं बघून थांबू नकोस, कोणतं चुकीचं उत्तर आलं ते बघ. चौथ्याचं १८ आलं तर कंसाबाहेरचं वजा तिने क्षला लावलं आणि ५ ला लावायचं विसरली. पाचव्याचं १०० आलं तर टक्के कशाचे काढायचे हा प्रश्नच तिला पडलेला नाही. सहाव्याचं ४.५ म्हणजे गणित न वाचता आकडे उचलून त्रैराशिक मांडलं. माणसं कमी झाली तर दिवस वाढायला हवेत हे डोक्यातून गेलंच नाही.

पहिल्या तिनांत दोन चुकली तर अल्जेब्रा सप्टेंबरला सुरूच करू नकोस. सहा-आठ आठवडे अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या, बस. ती तीन बरोबर आणि पुढची चुकली तर अल्जेब्रा १ पहिल्या पानापासून, पण सुरुवातीचे धडे भरभर.

पुस्तकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोडी आवडणाऱ्या मुलीला आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. त्यात आधी प्रश्न येतात, रीत मागून. सोल्यूशन मॅन्युअल वेगळं विकत घ्यावं लागतं, ते घेच. नाहीतर संध्याकाळी ऑफिसातून येऊन तूच गणितं सोडवत बसशील. त्यांच्या साइटवर प्रत्येक पुस्तकाच्या दोन चाचण्या फुकट आहेत. एक ‘या पुस्तकासाठी तयार आहात का’ आणि दुसरी ‘या पुस्तकाची गरज आहे का’. पहिली जमली आणि दुसरी अडली, तर ते पुस्तक तिच्या मापाचं. लोक पहिलीच देतात आणि मुलाला येणारं पुस्तक पुन्हा करायला लावतात.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. मूल पाच मिनिटांत मॅन्युअल उघडतं. त्यावर नियम असा की २० मिनिटं स्वतः, मग उत्तराची पहिली ओळ फक्त वाचायची, बाकी झाकायचं. पूर्ण उत्तर वाचावंच लागलं तर तेच गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर. दुसरी चूक पालकांची: प्रकरणाच्या शेवटचे चॅलेंज प्रॉब्लेम सगळेच सुटले पाहिजेत असा हट्ट. रिव्ह्यूची गणितं जमली की पुढे जायचं, चॅलेंजमधली चार-पाच पुरेत. अल्जेब्राचं पहिलं पुस्तक अल्जेब्रा २ मध्येही बरंच शिरतं, त्यामुळे ते एका वर्षात संपत नाही आणि संपवूही नये.

नितीन

प्रेषक: वैशाली (फिलाडेल्फिया)

नितीन, निदान पटलं, औषध नाही पटलं.

ज्या घरात दिवसा कोणी मोकळं नाही, तिथे प्रश्न आधी टाकणारं पुस्तक एकट्या मुलीच्या हातात देणं जड जातं. अडल्यावर बोलायला कोणीतरी लागतं. सॅक्सनमध्ये धडा दोन-तीन पानांचा, त्यात एक छोटी नवी गोष्ट, मग ३० गणितांचा मिश्र संच. त्यातली बहुतेक मागच्या धड्यांवरची. रटाळ वाटतं, मान्य. पण मूल स्वतः वाचून करू शकतं आणि मागचं विसरायला वाव राहत नाही.

मंजिरी, सॅक्सन घेतलंस तर तीन गोष्टी सांभाळ.

गणिताच्या क्रमांकाखाली कंसात बारीक आकडा छापलेला असतो. तो प्रकार कोणत्या धड्यात शिकवला, त्या धड्याचा हा क्रमांक. चुकलेल्या गणितांचे हे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लाव. आठवड्यात एकच आकडा तीनदा आला तर तो धडा पुन्हा वाचायचा. तुला पूर्ण वही तपासायची गरज नाही, शुक्रवारी ते एक पान बघायचं.

‘३० फार होतात, विषम क्रमांकाचीच कर’ असं कधीही म्हणू नकोस. एका संचात एखादा प्रकार एकदाच येतो. तो सम क्रमांकावर असला की आठवडेच्या आठवडे हाताखालून जात नाही, आणि चाचणीत नेमका तोच पडतो. वेळ नसेल तर संच दोन दिवसांत वाटून दे. धडा लांबला तरी चालेल, गणित गाळायचं नाही.

तिसरं आवृत्तीचं. तिसऱ्या आवृत्तीत भूमिती अल्जेब्राच्या पुस्तकांतच विखुरलेली आहे. चौथीत भूमितीचं पुस्तक वेगळं. जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणून एक तिसरीचं आणि एक चौथीचं घेतलं की भूमिती एकतर दोनदा होते किंवा राहूनच जाते. मॅन्युअलही जुळत नाही. पाठ्यपुस्तक, टेस्ट आणि सोल्यूशन तिन्ही एकाच आवृत्तीची बघून घे.

खान अकॅडमीला मी पुस्तक मानत नाही. गळकी जागा बुजवायला उत्तम आणि फुकट, पण मुलं चौकटीत उत्तर टाकतात, चुकलं की हिंट दाबतात, कागदावर एक ओळ उमटत नाही. वापरलंस तर वही शेजारी हवी.

भूमितीला पुढच्या वर्षी बालभारतीची नववी-दहावीची ‘गणित भाग २’ सोबतीला ठेव. बालभारतीच्या साइटवरून फुकट उतरवता येतात, इंग्रजी माध्यमाचीही आहेत. पक्ष, साध्य, सिद्धता असं मांडून प्रत्येक ओळीचं कारण लिहायची शिस्त त्यातून लागते. आणि व्हिडिओ कॉलवर भारतातल्या आजी-आजोबांना तीच पानं उघडता येतात, हा फायदा लहान नाही.

वैशाली

प्रेषक: मंजिरी

दोघांनाही धन्यवाद. सहा गणितं दिली. पहिली तिन्ही बरोबर, पाचवंही बरोबर. चौथ्याला १८ आणि सहाव्याला ४.५, अगदी नितीनने लिहिल्याप्रमाणे. आता काय? आणि क्रिएटिव्हचं कोणी बोललंच नाही. जिओजिब्रा (भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर), ओरिगामी, गणिताचे पोस्टर असं काय काय दिसतं, त्यातलं काय उपयोगी?

प्रेषक: नितीन

मग वैशालीताईंचं ऐक. १८ ही हाताच्या सवयीची चूक आहे, ती रोजच्या मिश्र सरावानेच जाते. सोमवार ते गुरुवार सॅक्सन. ४.५ मात्र सरावाने जात नाही, उलट पक्की होते. तिथे न पाहिलेला प्रश्न समोर यावा लागतो. त्यासाठी शुक्रवारी ॲल्क्युमस, आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचंच, फुकट आहे, उत्तरांप्रमाणे प्रश्नांची काठिण्यपातळी बदलतं. एका बैठकीला सहा-सात प्रश्न बास. उत्तर टाकण्याआधी एक ओळ लिहायची: ‘उत्तर मोठं येईल की लहान, आणि का.’ माणसं-दिवसांची चूक त्या एका ओळीत पकडली जाते.

क्रिएटिव्हसाठी सुहासकाकांना विचार. काका, लिस्टवर आहात ना?

प्रेषक: सुहास (ब्रिजवॉटर)

मंजिरी,

पोस्टर करू दे हौसेने, पण ते गणिताच्या तासात धरू नकोस. पायथागोरसचं रंगीत पोस्टर करताना मूल रंगाचा विचार करतं. शोधायला काही उरलेलं असेल अशा प्रश्नावरच डोकं चालतं, आणि असे प्रश्न अल्जेब्रा १ च्या सामानातही आहेत. एक देतो, चार शुक्रवार पुरेल. ॲल्क्युमस त्या महिन्यात बंद ठेव.

हा प्रश्न द. रा. कापरेकरांचा (१९०५–१९८६). देवळालीला शाळेत शिकवत आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत. त्यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे, म्हणूनच तिथून सुरू करायचं नाही. मुलं नेटवर उत्तर शोधून मोकळी होतात. तीन अंकांपासून सुरू कर, आणि नाव सांगू नकोस.

पहिला शुक्रवार. तीन अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिही, चढत्या क्रमाने लिही, वजा कर. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. दहा वेगवेगळ्या संख्या, सगळं हाताने. प्रत्येक वेळी गाडी ४९५ वर थांबते. एकच ठिकाण घसरायचं: २११ घेतलं तर २११ − ११२ = ९९. इथे ०९९ असं तीन अंकी लिहायचं; शून्य टाकून दिलं तर ९९ − ९९ = ० आणि साखळी तिथेच मरते. तिला आधी सांगू नकोस. शून्य आलं की ‘नियम कुठे मोडला?’ एवढंच विचार.

दुसरा शुक्रवार. का थांबते? मोठ्यापासून लहान असे अंक अ, ब, क धरायचे.

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क)

बघ, कंसाबाहेरचं वजा तिन्ही पदांना लावलं तरच मधला ब उडतो. नाहीतर २०ब शिल्लक राहतो आणि कागदावरच्या आकड्यांशी पटत नाही. तिची १८ वाली चूक इथे तिची तिलाच सापडेल. आता अ − क फक्त १ ते ९, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर नऊच संख्या शक्य: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. त्या नऊ कागदावर गोलात मांडून कोण कुठे जातं ते बाण काढायचे. ०९९ वरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४, ४९५. १९८ वरून थेट ७९२. सगळे बाण ४९५ ला पोचले की सिद्धता झाली. चित्र काढायची हौस इथे भागते, आणि ते चित्रच पुरावा असतो.

तिसरा शुक्रवार. ‘आता तू प्रश्न बदल.’ दोन अंक घेईल, तर तिथे थांबणं नाहीच. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं चक्र फिरतं. बहुतेक मुलं आपलं चुकलं समजून खोडतात, खोडू देऊ नकोस. चार अंक घेईल तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क). त्यात ब − क कधीही अ − ड पेक्षा मोठं नसतं, म्हणून ५४ जोड्या होतात. हाताने कंटाळा येईल, तेव्हा पायथनमध्ये (कोडिंगची भाषा) प्रोग्राम. पायथनमध्ये संख्येची अक्षरं करताना पुढचं शून्य गळतं, तीच जुनी घसरण, झेडफिल(४) लावायचं, म्हणजे पुढे शून्यं भरून चार अंक होतात. इथे गाडी ६१७४ वर थांबते हे तिला स्वतः दिसलं की मग कापरेकरांचं नाव सांग.

चौथा शुक्रवार लिहिण्याचा. एकच पान: प्रश्न काय, काय दिसलं, का, आणि काय सुटलं नाही. शेवटचा मुद्दा रिकामा असेल तर पान परत द्यायचं.

पुढच्या महिन्यात ठिपक्यांच्या कागदावर बहुभुज. कडेवरचे ठिपके, आतले ठिपके आणि क्षेत्रफळ यांचं नातं शोधायचं. आतले ठिपके शून्य ठेवून आधी फक्त कडेवरचे बदलायचे. दोन्ही एकदम बदलले की तक्त्यातून काहीच दिसत नाही. जिओजिब्रा त्या वेळी काढ, आकृती ओढून बघायला बरं पडतं.

सुहासकाका

प्रेषक: वैशाली

काकांचं ते एक पान टाकून देऊ नकोस. आमच्या पेनसिल्व्हेनियात १ ऑगस्टच्या आत ॲफिडेव्हिट (होमस्कूलिंगचं प्रतिज्ञापत्र), वर्षाच्या कामाचा पोर्टफोलिओ, मूल्यमापन असं सगळं लागतं. न्यू जर्सीत त्यातलं काही मागत नाहीत, पण म्हणून लोक काहीच ठेवत नाहीत आणि अकरावीत कॉलेजसाठी ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांची गुणपत्रिका) बनवताना आठवत बसतात. प्रत्येक कोर्सला एक परिच्छेद त्याच वर्षी लिही: पुस्तक आणि आवृत्ती, कोणती प्रकरणं झाली, ग्रेड कशावर दिली. टेस्टचे कागद तारीख घालून फाइलमध्ये.

प्रेषक: नितीन

परीक्षांचं थोडं, म्हणजे सुटणार नाही.

तिला नववी लावलीस की एएमसी ८ (गणिताची स्पर्धा परीक्षा) बंद, ती आठवीपर्यंतच. एएमसी १० नोव्हेंबरमध्ये असते, २५ प्रश्न, ७५ मिनिटं. बरोबरला ६, कोऱ्याला १.५, चुकीला शून्य, म्हणून अंदाजपंचे ठोकायचं नाही. होमस्कूलच्या मुलांना केंद्र स्वतः शोधावं लागतं. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जवळच्या शाळांना आणि कॉलेजांना मेल टाक. पीएसएटी (कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची पूर्वपरीक्षा) ऑक्टोबरमध्ये आणि एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) मेमध्ये, पण दोन्हींना जागा देणारी शाळा लागते आणि शाळा एपीच्या ऑर्डर नोव्हेंबरमध्ये बंद करतात. एप्रिलमध्ये विचारलं तर कोणी दारात उभं करत नाही.

एसएटीच्या गणितात ४४ प्रश्न, ७० मिनिटं, आणि डेस्मॉस कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. त्याची सवय दहावीत लाव. नववीत सॅक्सनच्या वहीजवळ तो येऊ देऊ नकोस.

नितीन