मागे इंजिन, पुढे रेडिएटर: कूलंटच्या नळ्या कोणत्या घ्याव्यात आणि कशा न्याव्यात?

सिंहगडरोडकर

नमस्कार. घरामागच्या शेडमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ दोन आसनी किट कार (सुट्या भागांपासून घरी जोडायची गाडी) बांधत आहोत. चौकोनी पाइपची चॅसी तयार असून स्विफ्टचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससह आसनांच्या मागे आडवे बसवले आहे. रेडिएटर मात्र अगदी पुढे आहे. गाडी केवळ खासगी ट्रॅकवर चालवायची असल्याने नोंदणीचा विषय इथे नको. इंजिनापासून रेडिएटरपर्यंत जायला आणि परत यायला प्रत्येकी सुमारे अडीच मीटर अंतर पडते. नाना पेठेत चौकशी केली, तेव्हा एका दुकानदाराने मीटरवर मिळणारा साधा रबरी होज पाइप सुचवला, तर दुसऱ्याने सिलिकॉनचाच घ्या असा आग्रह धरला. सगळे अंतर होजनेच जोडावे की मध्ये धातूचा पाइप घालावा? सिलिकॉनला द्यावे लागणारे जादा पैसे सार्थकी लागतात का? हीटर बसवणार नसल्यामुळे इंजिनावरची हीटरची दोन्ही तोंडे बूच मारून बंद करण्याचा आमचा विचार आहे.

भोसरीकर

होज निवडण्याआधी जोड कुठे येणार ते ठरवा. तुमच्या गाडीत नळ्या दोन आसनांमधल्या टनेलमधून जाणार, म्हणजे ९० अंशांचे दाबाखालचे पाणी चालकाच्या मांडीपासून वीतभर अंतरावरून वाहणार. त्या भागात एकही जोड नसावा. मागच्या फायरवॉलपासून (आसने आणि इंजिन यांमधल्या पत्र्यापासून) पुढच्या बल्कहेडपर्यंत (पायांपुढच्या आडव्या पत्र्यापर्यंत) अखंड धातूचा पाइप न्यावा आणि रबर फक्त दोन्ही टोकांना, हात पोहोचेल अशा जागी, वापरावे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, त्यामुळे मागच्या टोकाचा होज ताणून न बसवता थोडी ढील ठेवावी.

पाइप अॅल्युमिनियमचा किंवा एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टील) चा चालेल. आतील व्यास इंजिनाच्या तोंडाशी जुळता ठेवा. ३२ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरमागे सुमारे ०.८ लिटर कूलंट मावते, म्हणजे तुमच्या पाच मीटरमुळे एकूण कूलंट मूळ गाडीपेक्षा चार लिटरांनी वाढेल. पाइपच्या प्रत्येक टोकाला बीड, म्हणजे भोवताली उंचवटा असलेले कडे, मारून घ्या. गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी गरम झालेला होज दाबाने हळूहळू सरकत जातो आणि एके दिवशी निसटतो. बीड साधारण दीड-दोन मिलिमीटर उंच असावी, तिच्यावर कानसेची धार राहू नये आणि क्लिप बीडच्या मागे, सपाट भागावर बसावी. चॅसीला पाइप रबर लावलेल्या पी-क्लिपने (पी आकाराच्या पट्टीने) धरा आणि पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे रबरी कडे, घाला. पेट्रोलची लाइन याच टनेलमधून नेणार असाल तर ती गरम पाइपला खेटून नेऊ नका.

हीटरची तोंडे बंद करू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) मिटलेला असताना पाणी हीटरच्याच वाटेने फिरते. ती वाट बंद केली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोहोचत नाही आणि तो उशिरा उघडतो. दोन्ही तोंडे एका छोट्या होजने एकमेकांना जोडून टाका.

कोथरूडकर

जोडांविषयी वर लिहिले आहे ते पूर्ण मान्य. सिलिकॉनबाबत मात्र माझे मत दुकानदारापेक्षा वेगळे आहे. सिलिकॉन जास्त उष्णता सोसतो आणि वर्षानुवर्षे मऊ राहतो हे खरे, पण तेल किंवा पेट्रोल लागले की तो फुगतो, आणि त्याच्या भिंतीतून पाण्याची वाफ थोडी थोडी बाहेर झिरपत राहते, त्यामुळे पातळी वारंवार पाहावी लागते. शिवाय भोके पाडलेल्या पट्टीची साधी क्लिप त्याच्या मऊ पृष्ठभागात रुतते. त्याला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिपच लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून (इंजिनाचा तप्त धूर गोळा करणाऱ्या नळ्यांजवळून) जाणाऱ्या एखाद्या तुकड्यासाठी सिलिकॉन घ्यावा, तेही मध्ये उष्णतारोधक पत्रा लावून. बाकी सगळीकडे चांगल्या प्रतीचा ईपीडीएम रबराचा होज पुरेसा आहे.

सरळ होज वाकवून वळण काढू नका, तो आतल्या बाजूने चपटा होतो. कारखान्यात साच्यातून काढलेले वळणदार होज नाना पेठेत निरनिराळ्या गाड्यांचे मिळतात. पुठ्ठ्याचा किंवा तारेचा नमुना करून सोबत न्या, वळण आणि व्यास जुळवून पाहा आणि हवा तेवढा तुकडा कापून घ्या. रेडिएटरकडून पंपाकडे येणाऱ्या बाजूला ओढ असते. तिथे लांब, मऊ होज असेल तर जास्त आरपीएमला तो आत खेचला जाऊन मिटू शकतो, म्हणून तो आखूड ठेवा किंवा आत तारेची स्प्रिंग असलेला घ्या.

जुना होज वापरायचा असल्यास टोकापासून दोन इंचांत बोटांनी दाबून पाहा आणि मधल्या भागाशी तुलना करा. ईपीडीएम बहुधा टोकांजवळ आतून चिरतो. टोक मधल्यापेक्षा मऊ लागले किंवा आत भेगा जाणवल्या तर बाहेरून नवा दिसणारा होजही बाद समजावा.

सिंहगडरोडकर

दोघांचेही मनापासून आभार. टनेलमध्ये अखंड अॅल्युमिनियमचा पाइपच घालू. आता एकच शंका उरते: रेडिएटरचा माथा इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली आहे आणि पाइप तळातून जातात. हवा अडकणार नाही का?

भोसरीकर

अडकेल, म्हणून तिला वाट आखूनच द्यावी लागेल. एक्स्पान्शन टँक (तापून वाढलेल्या कूलंटला जागा देणारी टाकी) इंजिनाच्या बाजूला, सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच बसवा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून सहा ते आठ मिलिमीटरची बारीक नळी आणि इंजिनाच्या सर्वांत उंच ठिकाणाहून तशीच दुसरी, अशा दोन्ही टँकमध्ये वरून सोडा. टँकच्या तळातून निघणारा १८ ते २० मिलिमीटरचा होज पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडा. त्यामुळे तिथली ओढही कमी होते. तुमच्याकडे एकूण आठ-नऊ लिटर कूलंट असेल, तर तापल्यावर ते अर्ध्या लिटरच्या आसपास प्रसरण पावेल. तेवढी जागा आणि वर थोडी हवा मावेल असा टँक घ्या, म्हणजे मूळ गाडीचा छोटा टँक कदाचित पुरणार नाही. झाकण १.१ बारचे ठेवा. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी असेल तर त्या दाबाला उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या वर जातो. बोअरचे पाणी अॅल्युमिनियमच्या पाइपमध्ये अजिबात घालू नका.

पहिल्यांदा भरताना गाडीचे तोंड जॅकवर उचला, म्हणजे रेडिएटरचा माथा वर येईल आणि तिथली हवा बारीक नळीने निघून जाईल. पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी भरा आणि प्रत्येक क्लिप पुन्हा एकदा आवळा, कारण पहिल्या तापण्यानंतर रबर थोडे बसते.