मदत हवी आहे: मेंदूचं प्रेशर सारखं बदलतंय, पुण्याला हलवावं का?

कृष्णाकाठ
अपघात परवा रात्री झाला. डोक्याला जबर मार, ऑपरेशन झालं, अजून शुद्ध नाही. काल सकाळी मॉनिटरवर मेंदूचं प्रेशर १४ होतं, दुपारी भेटायला सोडलं तेव्हा २६. डॉक्टर म्हणतात, बघतोय. ओळखीतले एक जण म्हणाले, पुण्यात मेंदूचा रक्तपुरवठा मोजायचं मशीन आहे, इथे नाही, ताबडतोब हलवा. अ‍ॅम्ब्युलन्स सांगून ठेवली आहे. हलवावं की नाही एवढंच सांगा, संध्याकाळच्या आत ठरवायचंय.

रानजाई
पेशंट कोण, वय किती? ऑपरेशन कसलं, रक्ताची गाठ काढली की कवटीचं हाडही काढून ठेवलंय? व्हेंटिलेटरवर आहेत का? जीसीएस, म्हणजे शुद्धीचा स्कोअर, किती सांगितला? एवढ्या माहितीवर हो-नाही कोण सांगणार?

मुलुंडचा_मिलिंद
सरळ मुंबईला आणा. माझ्या सासऱ्यांना स्ट्रोकच्या वेळी आम्ही रात्रीत आणलं, म्हणून वाचले. जिल्ह्याच्या गावी वेळ घालवू नका.

रानजाई
मिलिंद, स्ट्रोकचं गणित वेगळं, हे वेगळं. मेंदू सुजलेल्या पेशंटला हलवताना आडवं करावं लागतं, खोकला येतो, व्हेंटिलेटर बदलताना कार्बन डायऑक्साइड वर-खाली होतो. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि प्रेशर चढतं. चार तासांचा रस्ता म्हणजे चार तास हीच जोखीम.

कृष्णाकाठ
मामेभाऊ आहे, २४ वर्षांचा. बाईक. गाठ काढली, हाड परत बसवलंय म्हणाले. व्हेंटिलेटरवर आहे. जीसीएस आणला तेव्हा ६. डोक्यातून एक नळी बाहेर काढून पिशवीला जोडली आहे, त्यात गुलाबी पाणी येतं. हे सगळं फाईलमध्ये आहेच, माझा प्रश्न मशीनचा आहे.

सिस्टर_सुनंदा
दादा, ही नळीच महत्त्वाची. हिला ईव्हीडी म्हणतात. मेंदूतल्या पोकळीतलं पाणी काढते आणि प्रेशरही मोजते. प्रेशर मोजायची हीच सगळ्यात भरवशाची पद्धत मानतात, म्हणजे मोजमाप तिथे चालूच आहे. मला सांगा, २६ दिसलं तेव्हा पलंगाची डोक्याची बाजू सकाळपेक्षा वर होती का?

कृष्णाकाठ
हो, पाठ टेकून बसवल्यासारखं होतं. त्याचा काय संबंध?

सिस्टर_सुनंदा
तोच संबंध. नळीचा शून्य कानाच्या छिद्रासमोरच्या पातळीला लावलेला असतो. डोकं वर गेलं आणि स्टँडवरचा ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) खालीच राहिला तर आकडा खोटा वाढतो. उलट झालं तर खोटा उतरतो, ते जास्त घातक. शिवाय नळी वाहती असताना दिसणारा आकडा धरायचा नसतो, ती थोडा वेळ बंद करून वाचतात. सक्शन केल्यावर (नळीने कफ ओढल्यावर), कूस बदलल्यावर क्षणभर ३० सुद्धा दिसतं. २२ च्या वर जाऊन तिथेच राहिलं तर उपाय वाढवतात. ड्यूटीवरच्या सिस्टरना विनंती करा, लेव्हल बघून परत झीरो करतील.

ओंकार_ब
एवढं आकड्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ पेशंटवर अभ्यास झाला होता, २०१२ साली छापून आला. प्रेशर मोजून उपचार केलेले आणि नुसतं सीटी व तपासणीवर केलेले, दोघांत फरक निघाला नाही.

डॉ_पारिजात
ओंकार, तो अभ्यास अर्धाच सांगू नका. न मोजलेल्या गटातही मेंदूची सूज उतरवण्याचे उपचार जोरात दिले होते. निष्कर्ष ‘दोन पद्धतींत फरक दिसला नाही’ एवढाच, ‘प्रेशर दुर्लक्षित करा’ असा नाही. आणि इथे नळी आधीच घातलेली आहे.

कृष्णाकाठ, रक्तपुरवठ्याचा अंदाज तुम्हालाही काढता येईल. मॉनिटरवर बीपीच्या दोन आकड्यांशेजारी कंसात तिसरा असतो, ते सरासरी बीपी. त्यातून मेंदूचं प्रेशर वजा करा. समजा ९० वजा २४, म्हणजे ६६. हे ६० ते ७० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणूनच कधी कधी बीपी चढवायचं औषध चालू दिसतं, घाबरू नका. ‘मशीन’ म्हणजे बहुतेक ट्रान्सक्रेनियल डॉपलर. कानाच्या वर, कानशिलाच्या पातळ हाडातून सोनोग्राफी करतात. १९८२ पासून वापरात आहे. पण ते रक्ताचा वेग दाखवतं, किती रक्त पोचलं ते नाही. काहींचं हाड जाड असेल तर काहीच दिसत नाही. निव्वळ त्यासाठी मी माझ्या भावाला हलवलं नसतं. न्यूरोसर्जन किंवा रात्रीचं सीटी तिथे नसेल, तर मात्र विचार करा.

भटकी_वाट
हेल्मेट होतं का? आमच्या हायवेवर रोज बघतो, कुणी घालत नाही.

रानजाई
हे आत्ता विचारायची वेळ आहे का?

नाना_कोरेगाव
खर्चाचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का बघा, दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि एमएलसीची (अपघाताच्या पोलीस नोंदीच्या दवाखान्यातल्या कागदाची) प्रत जवळ ठेवा.

कृष्णाकाठ
नाना, खर्चाचं मामा बघतायत. सिस्टरनी लेव्हल लावून झीरो केलं, १९ आलं. सक्शननंतर २५ झालं, थोड्या वेळाने उतरलं. सरासरी बीपी ८८ होतं. न्यूरोसर्जन इथेच राहतात, सीटी रात्रीही होतं. अ‍ॅम्ब्युलन्स आज नको म्हणून कळवलं, उद्या सकाळच्या सीटीनंतर बघू. पण आता सोडियम १५० झालंय म्हणतात, मामी रडायला लागली. हे काय नवीन?

डॉ_पारिजात
३ टक्के सलाईन चालू असेल तर सोडियम मुद्दाम वाढवतात, त्याने मेंदूतलं पाणी ओढलं जातं. ते चालू नसेल आणि लघवी खूप होत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. कोणतं सलाईन आहे आणि दिवसभरात लघवी किती झाली, हे आजच विचारा आणि इथे लिहा.