शब्दचर्चा: विजेची ‘साठवण’ की ‘बेगमी’?

मालवणचा मास्तर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. विषय, सौर प्रकल्पांना जोडलेल्या मोठ्या बॅटऱ्या. ‘ऊर्जा संचयन प्रणाली’ म्हटलं की पोरं जांभया देतात. त्यापेक्षा ‘विजेची बेगमी’ कसं वाटतं? पावसाआधी आपण मीठ, मिरची, सुकी मासळी भरून ठेवतो, तशी.

पोफळी-चिपळूण: कानाला गोड, पण अर्थाने फसवा. बेगमी चार महिन्यांची. ही बॅटरी दुपारच्या उन्हात भरते, दिवेलागणीला मागणी चढली की रिकामी होते, उद्या पुन्हा तेच. छत्तीसगडात राजनांदगावला २०२४ मध्ये सुरू झालेला संच बघा: ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तास. पूर्ण जोराने सोडली तर तीन तास. आषाढात आठ दिवस सूर्य दिसला नाही, तर तुमची बेगमी पहिल्याच संध्याकाळी संपली.

मालवणचा मास्तर: मग आगोट?

अलिबागची काकू: अरे, आगोट म्हणजे तरी काय वेगळं! मे महिन्यात आम्ही आगोटीची खरेदी काढतो ती पावसाळाभर पुरवायलाच.

दापोलीकर: ‘विजेरी’ का नको? शुद्ध मराठी आहे.

अलिबागची काकू: विजेरी म्हटलं की मला उशाखालचा टॉर्च आठवतो. कंटेनरएवढ्या पेट्या डोळ्यांसमोर येत नाहीत. बॅटरीला बॅटरीच म्हणा.

पोफळी-चिपळूण: काकूंशी सहमत. आणि ‘साठवण’ बरा. साठवण टाकी, साठवण तलाव सगळ्यांच्या तोंडी आहेत. शिवाय साठवणीत किती दिवसांची हे गृहीत नसतं. घाटघरला पाण्यावर हेच काम चालतं, २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे: मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, वाढली की सोडायचं. त्याला सरकारी नाव ‘उदंचन’. कुठल्या कोशातून काढलं देव जाणे, पण रुळलं.

एक मात्र जपा. बातम्यांत सर्रास ‘४० मेगावॅट वीज साठवली’ असं छापतात, ते चूक. मेगावॅट म्हणजे तोटीची धार, मेगावॅट-तास म्हणजे टाकीतलं पाणी. मराठीत दोन्हींना ‘क्षमता’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

दापोलीकर: आमचा इन्व्हर्टरवाला यातलं काहीच बोलत नाही. गिऱ्हाईक विचारतं ‘बॅकअप किती?’, तो सांगतो ‘चार तास’. संपला विषय.

पोफळी-चिपळूण: तो बरोबरच बोलतो, फक्त किती पंखे लावून चार तास ते सांगत नाही! आणखी एक: १०० युनिट भरलीत तर परत ८५च्या आसपासच मिळतात. ‘साठवण’ शब्दात ही घट दिसत नाही, ती तक्त्यावर वेगळी लिहावी लागेल.

मालवणचा मास्तर: असं लिहितो: ‘सौर विजेची बॅटरी साठवण. जोर ४० मेगावॅट, पुरते तीन तास.’ चालेल?

पोफळी-चिपळूण: ‘पूर्ण जोराने’ एवढं घाला. निम्म्या जोराने सोडली तर तीच सहा तास पुरते.